चार अक्षरं, तिसऱ्यावर जोर

माकारेना. गासोलीना. सेन्योरीता. देस्पासीतो. ही नावं ओळीने, जरा मोठ्याने म्हणून पाहा. गाणी वेगवेगळ्या काळातली आणि वेगवेगळ्या माणसांची आहेत. पहिलं स्पेनमधल्या सेव्हिलजवळच्या, चाळिशी ओलांडलेल्या दोन गायकांचं. दुसरं आणि चौथं प्वेर्तो रिकोच्या मातीतलं. तिसरं २०१९ साली कॅनडाचा शॉन मेंडेस आणि क्यूबात जन्मलेली कामिला काबेयो यांनी गायलेलं. तरीही नावांची घडण एकच आहे. चार अक्षरं, शेवट मोकळ्या स्वराचा आणि जोर तिसऱ्या अक्षरावर. मा-का-रे-ना, गा-सो-ली-ना.

कोणी तक्ता पुढ्यात ठेवून हे ठरवलेलं नाही. स्पॅनिश भाषाच तशी आहे. तिच्यात स्वर पाचच, आपल्या आ, ए, इ, ओ, उ यांच्या अगदी जवळचे, आणि ते कुठेही आले तरी उच्चार बदलत नाहीत. शब्द स्वराने, ‘न’ने किंवा ‘स’ने संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर. एखादा शब्द हा नियम मोडत असेल तर जोराच्या अक्षरावर तिरकी रेघ देतात. म्हणजे लांबसा शब्द घेतला की दोन अक्षरांची चढण, मग जोर, मग उतार हे आयतंच मिळतं. सुगम संगीतातला माणूस म्हणेल, दोन अक्षरांचा उठाव, तिसऱ्यावर सम आणि चौथं मोकळं सोडायचं. इंग्रजीत प्रेमाचे आणि काळजाचे नेहमीचे शब्द व्यंजनावर बंद होतात. तोंड मिटतं आणि सूर कापला जातो. स्पॅनिश शब्दाच्या शेवटच्या ‘आ’वर किंवा ‘ओ’वर गायक हवा तितका रेंगाळू शकतो, आणि त्याच्यामागून स्टेडियमभर लोकही.

त्यात ठेक्याची भर. क्यूबा आणि प्वेर्तो रिकोच्या संगीताच्या मुळाशी आठ मात्रांची एक विभागणी आहे, तीन-तीन-दोन. मात्रा आपल्या केरव्याइतक्याच, पण वजन सरळ चार-चारवर न पडता मध्ये तिरकं पडतं. आजच्या रेगेटॉनच्या बुडाशीही तेच आहे. अशा ठेक्यावर एकाक्षरी नाव कोरडं आपटतं. आत चढण आणि उतार असलेला शब्द मात्र ठेक्याबरोबर डुलतो.

पण हे झालं नादाचं. नाव शोधणाऱ्यापुढे खरा पेच वेगळाच असतो. ‘लॅटिन’ ढंगाचं गाणं बाजारात उतरतं तेव्हा त्याला दोन तऱ्हेचे ऐकणारे असतात. एकाला भाषा कळते, दुसऱ्याला शून्य कळते. (‘लॅटिन’ हा शब्दही बाजाराचाच. त्यात ब्राझीलची पोर्तुगीज गाणी येतात, युरोपातला स्पेनही येतो. रेकॉर्डच्या दुकानातल्या फळीवरची ती पाटी आहे, याहून काटेकोर व्याख्या शोधण्यात अर्थ नाही.) ज्याला काही कळत नाही त्याच्या जिभेवर नाव एका ऐकण्यात बसायला हवं, आणि ज्याला सगळं कळतं त्याला ते बाहेरच्यांसाठी रंगवलेलं वाटता कामा नये. आतापर्यंत गाजलेली नावं पाहिली तर या दोघांपैकी कुणाची मर्जी आधी राखली, यावरून त्यांचे सरळ गट पडतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्यांनी घरच्या माणसाला आधी धरलं, त्यांची नावं जास्त टिकली.

‘माकारेना’चीच गोष्ट घ्या. लोस देल रिओ हे आन्तोनिओ रोमेरो मोन्खे आणि राफाएल रुइस यांचं जोडनाव. दोघेही सेव्हिलजवळच्या दोस एर्मानास गावचे. १९९२ साली व्हेनेझुएलाच्या दौऱ्यात काराकासमधल्या एका खासगी मेजवानीत तिथल्या एका फ्लामेन्को नर्तकीचा नाच पाहून आन्तोनिओने तिला उद्देशून दोन ओळी जागच्या जागी रचल्या. त्या ओळींत तिला त्याने ‘माग्दालेना’ म्हटलं होतं. स्पॅनिश संस्कृतीत या नावामागे बायबलमधली मारिया माग्दालेना उभी असते आणि तिच्याबरोबर पापाचा, मोहाचा सगळा इतिहास. नर्तकीच्या कौतुकाला ते शोभून दिसलं. पुढे गाणं पुरं होताना नाव बदललं आणि ‘माकारेना’ झालं. आन्तोनिओच्या मुलीच्या नावात माकारेना होतं. शिवाय ते सेव्हिलच्या एका जुन्या भागाचं नाव, आणि तिथल्या देवळातली मारियामातेची मूर्ती तर अख्ख्या शहराच्या भक्तीचा विषय. पवित्र आठवड्यात ती मिरवणुकीने बाहेर पडते तेव्हा सेव्हिल झोपत नाही.

या अदलाबदलीत कारागिरी किती आहे ते बघा. माग्दालेना आणि माकारेना, दोन्हींत अक्षरं चार आणि जोर तिसऱ्यावर. चालीला धक्का लागला नाही. उलट ‘ग्दा’ हे अडखळवणारं जोडाक्षर गेलं आणि जीभ मोकळी झाली. सेव्हिलच्या माणसाला त्यात आपली पेठ आणि आपली देवी ऐकू आली, तर बाहेरच्याला काहीच ऐकू आलं नाही, फक्त चार गोल अक्षरं. १९९३ साली स्पेनमध्ये आलेल्या या गाण्याचं, मायामीच्या बेसाइड बॉइजनी इंग्रजी कडवी घालून केलेलं रूप १९९६ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १४ आठवडे पहिल्या जागेवर होतं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या शिकागोतल्या अधिवेशनात प्रतिनिधी त्यावर हात फिरवत नाचले. गाण्यातली बाई प्रियकर लष्करात भरती होत असताना त्याच्या मित्रांबरोबर मजा मारते आहे, हे त्यातल्या कितीजणांना ठाऊक होतं कोण जाणे. लग्नाच्या मेजवानीतही हेच वाजायचं, म्हणजे बघा.

त्यानंतर पहिल्या जागेवर जवळजवळ पूर्ण स्पॅनिश गाणं यायला एकवीस वर्षं गेली. ‘देस्पासीतो’. लुईस फॉन्सीने अनेकदा सांगितलेली हकिकत अशी की एके सकाळी जाग आली तीच हा शब्द आणि त्याची चाल डोक्यात घेऊन. मग पनामाची गीतकार एरिका एन्डर मायामीतल्या त्याच्या घरी आली आणि या एका शब्दाभोवती दोघांनी गाणं विणलं. डॅडी यँकीचा भाग नंतर जोडला गेला. म्हणजे गाणं लिहून मग नाव ठेवलं असं झालं नाही, नाव हीच पहिली वीट होती.

मूळ शब्द ‘देस्पासिओ’, हळू. त्याला ‘-इतो’ हा लाडाचा प्रत्यय लावला की होतो देस्पासीतो, आपल्या ‘हळू’ला ‘च’ लावून ‘हळूच’ करावं तसं. अर्थात फारसा फरक नाही, पण एक अक्षर वाढलं, जोर ‘सी’वर सरकला आणि शब्दाला कुजबुज आली. रचनाकारांनी याचा पुरेपूर वापर केला आहे. ध्रुवपदाच्या तोंडाशी ठेका अचानक थबकतो आणि शब्द एकेक अक्षर सुटं करत, ओढत येतो. नाव जे सांगतं तेच संगीत करून दाखवतं. भाषा न कळणाऱ्यालाही इथे काहीतरी हळू व्हायचं आहे हे कळतं. एप्रिल २०१७ मध्ये जस्टिन बीबरबरोबरची आवृत्ती आली तेव्हा कडव्यांत इंग्रजी शिरलं, पण ध्रुवपदाला आणि नावाला कोणी हात लावला नाही. पुढे न्यूयॉर्कच्या एका क्लबात बीबर बाकीचे स्पॅनिश शब्द विसरला आणि तोंडाला येईल ते गात राहिला. त्याची जगभर चेष्टा झाली. मला त्यात नाव ठेवणाऱ्यांची जीत दिसते. सगळं विसरलं तरी गाणं कोणतं ते ओळखू येत होतं.

सोळा आठवडे ते अमेरिकेत पहिलं राहिलं आणि मराया कॅरी व बॉइज टू मेन यांच्या १९९५च्या गाण्याच्या विक्रमाशी बरोबरी केली. जुलैमध्ये मलेशियाच्या सरकारी रेडिओ-टीव्हीने ते बंद केलं, कारण श्रोत्यांच्या तक्रारींनंतर शब्दांचा अर्थ तपासला गेला आणि तो भलताच शृंगारिक निघाला. नाव तिथवर अर्थाशिवायच पोचलं होतं. अर्थ मागाहून आला.

इथे आपल्या वाचकाला एक गोष्ट खटकेल. आपल्याकडे गाण्याला नाव ठेवायची रीतच नाही. चित्रपटगीत असो की भावगीत, मुखड्याची पहिली ओळ हेच त्याचं नाव. आकाशवाणीवर निवेदक तीच वाचतो, रेकॉर्डवर तीच छापतात. त्यामुळे नावावरून गीतकार आणि निर्माता यांच्यात भांडण होण्याची वेळ सहसा येत नाही. पाश्चात्त्य पॉपमध्ये मात्र नाव हे वेगळं काम आहे आणि काही जण तिथूनच सुरुवात करतात. रिकी मार्टिनने गायलेल्या ‘लिव्हिन ला व्हिदा लोका’चा सहगीतकार डेस्मंड चाइल्ड हा त्यातला बडा माणूस. बॉन जोव्हीकडे लिहायला गेला तेव्हा नाव खिशात घेऊनच गेला होता, आणि त्या नावाचं गाणं १९८६ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याची आई एलेना कासाल्स क्यूबन गीतकार होती, हे रिकी मार्टिनच्या गाण्याकडे पाहताना विसरून चालणार नाही.

नावावरून भांडण कसं होतं ते पाहायचं तर रिओ द जानेरोला जायला हवं. १९६२ साली कवी व्हिनिसियुस द मोराएस आणि संगीतकार तोम जोबिम एका संगीतनाटकासाठी गाणं करत होते. पहिल्या खर्ड्याचं नाव होतं ‘मेनिना के पासा’, म्हणजे जवळून जाणारी मुलगी. त्या पहिल्या शब्दांवर दोघंही खूश नव्हते. ते बदलले आणि नाव झालं ‘गारोता द इपानेमा’. नुसती कुठलीशी मुलगी जाऊन तिच्या जागी एका ठरावीक किनाऱ्याची मुलगी आली. इपानेमा हा तेव्हा रिओचा कोपाकाबानाच्या पलीकडचा भाग. दोघे ज्या बारमध्ये बसत त्याच्यावरून एलो पिन्येइरो नावाची शेजारची मुलगी समुद्राकडे जायची.

आता अमेरिकेसाठी इंग्रजी शब्द लिहायचं काम नॉर्मन गिम्बेलकडे आलं. त्याला ‘इपानेमा’ नको होतं. अमेरिकन श्रोत्याला ते नाव काहीच सांगत नाही, असं त्याचं म्हणणं. व्यवहाराच्या दृष्टीने ते चूक नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये बसून पाहिलं तर इपानेमा आणि टिंबक्टू सारखेच. पण जोबिम अडून बसला. मुलगी इपानेमाची आहे, ती दुसरीकडची होऊ शकत नाही. अखेर जोबिमचं चाललं. आस्त्रुद जिल्बेर्तोने गायलेली ‘द गर्ल फ्रॉम इपानेमा’ १९६४ मध्ये आली आणि पुढच्या वर्षी ग्रॅमीत वर्षातली सर्वोत्तम रेकॉर्ड ठरली. ज्या नावाचा अर्थ कोणाला कळणार नाही अशी भीती होती, त्या नावाने जगभरच्या लोकांना एका किनाऱ्याचा पत्ता पाठ करून दिला. पुढे रिओतली त्या बारची गल्ली व्हिनिसियुसच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि बारनेही गाण्याचंच नाव घेतलं.

गिम्बेलच्या आधी बरीच वर्षं न्यूयॉर्कच्या प्रकाशकांनी उलटा रस्ता धरला होता. स्पॅनिश गाणं विकत घ्यायचं, चाल ठेवायची, नाव आणि शब्द नवे लिहायचे. मेक्सिकोच्या मारिया ग्रेवेरने १९३४ साली लिहिलेल्या गाण्याचं मूळ नाव ‘तुझ्या शेजारी परतेन तेव्हा’ अशा अर्थाचं. इंग्रजीत ते ‘व्हॉट अ डिफरन्स अ डे मेड’ झालं आणि आज ते मूळचं मेक्सिकन आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पाब्लो बेल्त्रान रुइसच्या ‘क्येन सेरा’चं डीन मार्टिनने १९५४ मध्ये ‘स्वे’ केलं. ओस्वाल्दो फार्रेसच्या ‘किसास, किसास, किसास’चं सरळ भाषांतर झालं, कारण इंग्रजी ‘परहॅप्स’ही तीनदा म्हणता येतो.

एका गाण्यापाशी मात्र ही गिरणी थांबली. कोन्सुएलो व्हेलास्केस या मेक्सिकन पियानोवादिकेचं ‘बेसामे मूचो’. ते लिहिलं तेव्हा आपण कोणाचंही चुंबन घेतलेलं नव्हतं, असं ती पुढे सांगायची. सनी स्कायलरने इंग्रजी शब्द लिहिले, पण नाव आणि आरंभीची हाक स्पॅनिशच ठेवली. का ठेवली ते गाऊन पाहिलं की कळतं. ‘बे’वर जोर आहे, मग दोन अक्षरं मोकळी सुटतात. इंग्रजीत याच अर्थाचं वाक्य त्या सुरांवर बसवलं तर हसू येईल. भाषांतर अर्थाचं करता येतं, उघड्या स्वराचं करता येत नाही. १ जानेवारी १९६२ रोजी लंडनच्या डेक्का कंपनीत चाचणी द्यायला गेलेल्या लिव्हरपूलच्या चार पोरांनीही हे गाणं याच नावाने गायलं. कंपनीने त्या बीटल्सना नाकारलं, ती गोष्ट वेगळी.

शकीराने तिसराच मार्ग काढला. २००१ चं तिचं एकच गाणं इंग्रजीत ‘व्हेनेव्हर, व्हेरेव्हर’ आणि स्पॅनिशमध्ये ‘सुएर्ते’, म्हणजे नशीब. चाल एक, नावं दोन, आणि एक दुसऱ्याचं भाषांतर नाही. दोन्ही घरी वेगवेगळ्या नावाने हाक. पाच वर्षांनी आलेल्या ‘हिप्स डोन्ट लाय’चं नाव तर स्टुडिओतल्या तिच्या बोलण्यातून आलेलं आहे. वादकांना ती म्हणायची की माझी कंबर खोटं बोलत नाही, ती हलत नसेल तर गाण्यात काहीतरी कमी आहे. कोलंबियाची गायिका, स्पॅनिश नावाची सहज सोय, आणि तरी तिने इंग्रजी नाव घेतलं, कारण ती खरोखर तसं बोलली होती.

याच्या उलट टोकाला आहे तो शब्दांचा एक छोटा बटवा. आमोर, कोरासोन, फिएस्ता, लोका, व्हिदा, बायला, नोचे, सेन्योरीता. स्पॅनिशचा एकही धडा न शिकलेल्या माणसाला येणारे हे शब्द. यातले दोन उचलून इंग्रजी वाक्यात बसवले की झालं लॅटिन गाणं. रिकी मार्टिनचं १९९९ चं गाणं हे याचं सर्वांत यशस्वी उदाहरण, आणि ते चांगलंही आहे. ‘व्हिदा लोका’ ही नुसती पर्यटकी शब्दजोड नव्हती. लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांत टोळ्यांच्या आयुष्याला हाच शब्द होता आणि लुईस रॉड्रिगेसच्या १९९३ च्या आत्मकथनाच्या उपशीर्षकातही तो आहे. ज्याला माहीत होतं त्याला त्यात काजळी दिसली, बाकीच्यांना पार्टी.

मॅडोनाच्या ‘ला इस्ला बोनिता’बद्दल मी एवढा उदार नाही. सुंदर बेट, बस्स. गाण्यात सान पेद्रो या जागेचा उल्लेख आहे, पण ते कुठलं सान पेद्रो हे आपल्यालाही ठाऊक नाही असं तिनेच सांगितलं. जागा नव्हती, जागेचा वास होता. गंमत अशी की बेलीझ देशातल्या अँबरग्रिस बेटावर सान पेद्रो नावाचं गाव आहे. त्याने हे नाव हक्काने उचललं आणि आज ते पर्यटकांना स्वतःची ओळख ‘ला इस्ला बोनिता’ अशीच करून देतं. मेंडेस आणि काबेयोचं ‘सेन्योरीता’ तर निव्वळ आळस आहे. तिच्याच ‘हवाना’त निदान जन्मगावाची ओढ होती, जरी त्या नावाचा ‘ह’ ती इंग्रजी धाटणीने उच्चारते. स्पॅनिशमध्ये ‘ह’ मुकाच असतो, तिथे ते ‘ला आबाना’.

नाव रस्त्यावरून आलं की त्याची चव बदलते. ‘गासोलीना’चं असं झालं. डॅडी यँकीने सांगितलं आहे की सान हुआनमधल्या व्हिया केनेडी या सरकारी चाळींच्या वस्तीत तो राहत होता. तिथे झोकदार गाड्यांतून फिरायला आवडणाऱ्या मुलींना उद्देशून पोरं पेट्रोलवरून आरोळी ठोकायची, तिला पेट्रोल फार आवडतं, अशा अर्थाची. ती कानावर पडली आणि २००४ मध्ये रेगेटॉन जगभर नेणारं गाणं झालं. त्याचा गूढार्थ शोधायला लोकांनी काय काय तर्क लढवले. दारू, अमली पदार्थ, सगळं झालं. गायक मात्र म्हणत राहिला की पेट्रोल म्हणजे पेट्रोल. २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत घेतलेलं हे पहिलं रेगेटॉन गाणं. इथे नशिबाचाही हात होता, कारण हा शब्द इंग्रजी माणसालाही अर्धामुर्धा कळतो.

आणि काहीच कळत नसेल तर? तोही एक रस्ता आहे. २००२ च्या उन्हाळ्यात कोर्दोबाच्या बहिणींचं ‘आसेरेखे’ युरोपभर गाजलं. हा शब्द कोणत्याच भाषेतला नाही. डिस्कोत शुगरहिल गँगचं ‘रॅपर्स डिलाइट’ हे १९७९ चं इंग्रजी गाणं लागतं, ते आवडणाऱ्या पण इंग्रजी न येणाऱ्या माणसाच्या तोंडून त्याचे शब्द कसे बाहेर पडतील, ते ‘आसेरेखे’. म्हणजे परदेशी गाणं न कळता गाणाऱ्याची स्पॅनिश लोकांनी केलेली ही स्वतःचीच थट्टा. जोर शेवटच्या अक्षरावर असल्याने नियमाप्रमाणे त्यावर तिरकी रेघही आहे. पण परदेशी दुकानात हे नाव कोण मागणार, लिहिणार कसं? म्हणून बाहेर त्याला ‘द केचप साँग’ असं नाव दिलं. बहिणींच्या चमूचं नाव लास केचप, कारण त्यांचे वडील, फ्लामेन्को गिटारवादक, ‘एल तोमाते’ या टोपणनावाने ओळखले जात. टोमॅटोच्या लेकी म्हणून केचप. निरर्थक शब्द लोकांना बघवत नाही, हेही तेव्हा दिसलं. लॅटिन अमेरिकेत अफवा उठली की शब्दात पाखंडाची हाक दडलेली आहे.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत हा प्रयोग पंचेचाळीस वर्षं आधी झाला होता. ‘आशा’ (१९५७) या चित्रपटातलं ‘ईना मीना डीका’. सी. रामचंद्र आणि राजेंद्रकृष्ण चाल बसवत असताना बाहेर खेळणाऱ्या मुलांची सुटण्याची बडबड कानावर आली आणि तिथूनच शब्द सुचले, असं सांगितलं जातं. वाद्यवृंदातल्या गोव्याच्या जॉन गोम्स यांनी त्यात भर घातली, आणि ‘माका नाका’ हे सरळ कोकणीतलं ‘मला नको’ आहे, अशीही आठवण सांगतात. गाणं लॅटिन नव्हे, रॉक अँड रोलचं. पण सी. रामचंद्रांच्या त्या काळच्या वाद्यवृंदात बोंगो आणि रुंबा होतेच, आणि ते आणणारे बहुतेक गोवेकर होते. ‘अलबेला’त (१९५१) त्यांच्यातले चिक चॉकलेट आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतात. हॉटेलांत रात्री क्यूबन आणि ब्राझिलियन चाली वाजवायच्या आणि दिवसा स्टुडिओत चित्रपटासाठी बसायचं, हा या मंडळींचा दिनक्रम. त्यांच्यातल्याच क्रिस पेरींनी लोर्नाबरोबर केलेल्या कोकणी गाण्यांची नावं पाहा, ‘बेबदो’, ‘पिसो’. एक शब्द, शेवटी मोकळा स्वर. कोकणीला हा साचा बाहेरून आणावा लागला नाही.

नाच हेच नाव, हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात धूर्त उपाय. गाण्याला नाचाचं नाव दिलं की तो नाच नाचणाऱ्या प्रत्येकाला तेच गाणं लागतं. १९८९ मध्ये काओमाचं ‘लांबादा’ आलं. चाल बोलिव्हियाच्या लोस कार्कास या चमूच्या १९८१ मधल्या गाण्याची, ज्याच्या नावाचा अर्थ ‘रडत निघून गेली’ असा होतो. पोर्तुगीज शब्दही त्याच अर्थाचे ठेवले, पण कव्हरवर ब्राझीलच्या नाचाचं नाव आलं आणि विरहाचं गाणं समुद्रकिनारी कमरा हलवायला लागलं. बोलिव्हियातल्या एर्मोसा बंधूंना आपला हक्क मिळवायला कायद्याची वाट धरावी लागली. १९३० मध्ये न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या, शेंगदाणे विकणाऱ्याच्या हाळीवर रचलेल्या क्यूबन गाण्याच्या तबकडीवर तर कंपनीने ‘रुंबा’ छापलं. गाणं रुंबा नव्हतं. पण तेव्हापासून अमेरिकेत सगळ्याच क्यूबन संगीताला रुंबा म्हणायची पद्धत पडली. पेरेस प्रादोने नावाचाच कंटाळा केला आणि आपल्या काही माम्बोंना नुसते क्रमांक दिले. त्यातला पाचवा, लू बेगाने १९९९ मध्ये नवे शब्द घालून पुन्हा गाजवला. अर्जेंटिनाचा निर्माता बिसाराप आज तेच करतो. शकीराचं २०२३ मधलं, जोडीदारापासून वेगळं झाल्यानंतरचं खवळलेलं गाणं अधिकृतपणे सत्र क्रमांक ५३ एवढंच आहे.

कायद्याची अडचण कोणालाच नाही. अमेरिकेत गाण्याच्या नावावर स्वामित्व हक्क मिळत नाही. नावं आणि छोटे शब्दसमूह त्या संरक्षणाच्या बाहेर आहेत. भारतातही सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एका हिंदी चित्रपटाच्या नावाच्या वादात हेच सांगितलं की नुसत्या शीर्षकात स्वामित्व हक्क नसतो. म्हणून मारिया कितीही असू शकतात. ‘वेस्ट साइड स्टोरी’तली १९५७ ची, रिकी मार्टिनची १९९५ ची, ब्लाँडीची १९९९ ची, सान्तानाची तर दोनदा हाक मारलेली. ‘सेन्योरीता’ही मेंडेसच्या आठ वर्षं आधी आपल्याकडे वाजून गेली होती. ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’मध्ये (२०११) शंकर-एहसान-लॉय यांनी ती स्पेनच्या मारिया देल मार फर्नांदेसकडून गाऊन घेतली. मानधन वाटणाऱ्या संस्थांचं तर नावावाचून अडतच नाही. त्यांच्या लेखी प्रत्येक रचनेला ‘टी’ने सुरू होणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो आणि पैसे त्या क्रमांकाच्या मागे जातात.

गेल्या काही वर्षांत बाहेरच्याला समजावून सांगण्याची गरज या गीतकारांना वाटेनाशी झाली आहे, आणि मला हा बदल सर्वांत जास्त आवडतो. कोलंबियाच्या कारोल जीने २०१९ मध्ये ‘तूसा’ आणलं. कोलंबियात तूसा म्हणजे दाणे काढून घेतलेलं मक्याचं बुरकूंड, आणि बोलीत प्रेमभंगानंतरची अवस्था. तो अर्थ कोलंबियाबाहेर कितीतरी स्पॅनिश बोलणाऱ्यांनाही तिच्या गाण्यामुळेच कळला. पुढच्या वर्षी ‘बिचोता’. प्वेर्तो रिकोच्या बोलीत अमली पदार्थांच्या धंद्यातल्या दादाला ‘बिचोते’ म्हणतात. तो इंग्रजी ‘बिग शॉट’चाच अपभ्रंश. तिने शेवटचा ‘ए’ काढून ‘आ’ लावला आणि दादाची दादी केली. बॅड बनीने जानेवारी २०२५ च्या आपल्या संग्रहातल्या पहिल्या गाण्याला ‘नुएवायोल’ नाव दिलं. न्यूयॉर्कचं स्पॅनिश नाव नुएवा योर्क, पण प्वेर्तो रिकोचा माणूस अक्षराच्या शेवटचा ‘र’ ‘ल’सारखा काढतो आणि ‘क’ गिळून टाकतो. शब्दकोशात, नकाशात, विमानाच्या तिकिटावर असं शहर नाही. ब्रॉन्क्समधल्या न्हाव्याच्या दुकानात मात्र ते रोज ऐकू येतं, आणि गाण्याच्या नावात ते तिथल्या उच्चारासकट छापलेलं आहे.